पानं बंद, फुलं चालू

परवा माझ्या एका मैत्रिणीनं पेपर टाकले. सहा वर्षं एकाच कंपनीत, टीम लीड, पॅकेजही बऱ्यापैकी. आमच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे ‘पार्टी कधी?’चा पाऊस पडला. पण ही बया अडकली होती भलत्याच ठिकाणी. राजीनाम्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये! तिथे एक रकाना होता, ‘कारण’. खाली ड्रॉपडाउन. चांगली संधी, पुढचं शिक्षण, दुसऱ्या शहरात जाणं, तब्येत, वैयक्तिक. यातलं फक्त एकच निवडा.

वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसली बिचारी. शेवटी ‘वैयक्तिक’वर क्लिक करून मोकळी झाली. रात्री मी फोनवर विचारलं, “पण खरं कारण काय गं?”

“एकच कारण असतं ना, तर निभावलं असतं!”

हे ऐकलं आणि मला एकदम मामाचं वावर आठवलं. आता म्हणाल, राजीनाम्याचा आणि वावराचा काय संबंध? सांगते. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर पिंपळगाव राजाला यावं लागेल.

गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधली. फ्रीलान्सिंग नवीन होतं आणि मी स्वतःला जाम स्मार्ट समजत होते. दोन क्लायंट्सची डेडलाइन एकाच शुक्रवारी. तिसऱ्याचं पेमेंट तीन महिने ‘प्रोसेसमध्ये’. फ्लॅटमेटचं लग्न ठरल्यामुळे ती गेलेली आणि अख्खं भाडं माझ्या एकटीच्या डोक्यावर. आईचं बीपी वर-खाली. माझी मान आखडलेली. त्यात वरच्या मजल्यावर रात्री दहानंतर टाइल्स बसवायचा मुहूर्त. यातली एकही गोष्ट मोठी नव्हती, बरं का. कुणाला सांगायला गेलं तर ‘एवढंच ना?’ म्हणाले असते. पण मला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं आणि एकदा तर रिक्षात बसल्याबसल्या उगाचच रडू आलं. डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, शुगर नॉर्मल. सगळे रिपोर्ट नॉर्मल. फक्त मी नॉर्मल नव्हते!

“चार दिवस मामाकडे जाऊन ये,” आई म्हणाली. आईचं माहेर पिंपळगाव राजा. बुलढाणा जिल्हा, खामगाव तालुका. रात्रीची महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली, सकाळी शेगावला उतरले, गजानन महाराजांना बाहेरूनच हात जोडले आणि खामगाववरून एसटीनं गाव गाठलं. डोक्यात चित्र होतं ते लहानपणीच्या श्रावणाचं. हिरवंगार वावर, चिखल, मामीच्या हातची गरम भाकर. भाकर होती. बाकी श्रावण गायब!

तो ऑगस्ट आठवतोय का? पुण्या-मुंबईत आपण फक्त ‘यंदा एसी बंदच होत नाहीये’ एवढीच तक्रार केली होती. हवामान खात्याच्या हिशेबात तो १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. आणि १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण ऑगस्टही तोच. म्हणजे एकाच महिन्यात दोन्ही रेकॉर्ड्स. बरं, त्याआधीचं वर्षही काही सरळ नव्हतं. जूनमध्ये ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ आलं आणि मान्सून रखडला. पेरण्या लांबल्या. मग जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ह्याच जिल्ह्यातल्या संग्रामपूर, जळगाव जामोद भागात असा कोसळला की पूर आले. आणि नंतर गडप!

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाबरोबर वावरात गेले. बारा वाजलेले, डोक्यावर ऊन. सोयाबीन फुलावर आलेलं. पण लांबून पाहिलं तर अख्खं वावर पांढुरकं दिसत होतं, जणू कुणीतरी राख भुरभुरली आहे. जवळ गेले तर कळलं, पानं उलटी झालेली. वरची हिरवी बाजू खाली आणि खालची फिकट, चंदेरी बाजू वर.

“मामा, हे मरतंय का हो?”

“नाही वं पोरी. पाय बरं नीट. हे मरून नाही रायलं, वाचून रायलं. उन्हाकडे पाठ केली तिनं.”

मी मास कॉम केलंय, बॉटनी नाही. दहावीनंतर झाडाशी संबंध आला तो फक्त ऑफिसच्या मनी प्लँटपुरता. पण मामाचं ते वाक्य डोक्यात असं बसलं, की पुण्याला परत आल्यावर मी क्लायंटचं काम सोडून झाडांवरचे रिसर्च पेपर वाचायला लागले. आणि काय सांगू, तिथे चक्क माझीच केस हिस्टरी लिहिलेली होती!

आधी साधं गणित. पानाच्या कातडीला बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. उघडझाप करणारी. ती उघडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो, त्यावर झाड अन्न तयार करतं. पण त्याच दारातून पाण्याची वाफही बाहेर पडते. ह्या वाफेमुळे पान गार राहतं. थोडक्यात, झाडाचा घाम.

आता बघा. गरम झालं की झाड काय करणार? छिद्रं उघडणार, घाम गाळणार, गार होणार. पाणी कमी पडलं तर काय करणार? छिद्रं बंद करणार, पाणी वाचवणार. दोन्ही उपाय अगदी बरोबर. पण ऊन आणि कोरड एकाच वेळी आली तर? एक बॉस म्हणतो दार उघड, दुसरा म्हणतो बंद कर. आणि दोघांचा ईमेल एकाच मिनिटाला, ‘अर्जंट’ लिहून!

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं ही परिस्थिती फारशी तपासली नव्हती. प्रयोगशाळेत एका कुंडीला उष्णता, दुसऱ्या कुंडीला पाणीबंदी, तिसरीला मीठ. एका वेळी एक त्रास, म्हणजे हिशेब सोपा. मग रॉन मिटलर नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तंबाखूच्या आणि २००४ मध्ये अरॅबिडॉप्सिस ह्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या बाबतीत दोन्ही त्रास एकत्र देऊन पाहिले. त्यांना वाटलं असेल, उष्णतेचा परिणाम अधिक दुष्काळाचा परिणाम, म्हणजे बेरीज. पण बेरीज आलीच नाही! छिद्रं बंदच राहिली, त्यामुळे पान आणखी तापलं. रोपाच्या पेशींत असे शेकडो जीन्स कामाला लागले, जे नुसत्या उष्णतेत किंवा नुसत्या दुष्काळात जागेच होत नव्हते.

आणखी एक पॉइंट मला फार आवडला. पाणी कमी पडलं की झाडं पेशींमध्ये प्रोलीन नावाचा पदार्थ साठवतात, त्यानं पेशी टिकून राहतात. पण वरून उष्णताही असेल तर हेच प्रोलीन त्रासदायक ठरू शकतं. मग ते रोप प्रोलीनचा नाद सोडून साखर साठवायला लागतं. म्हणजे काल जे औषध होतं, ते आज चालत नाही. एकेका दुखण्यावरचा इलाज आपल्याला पाठ असतो. दुखणी एकत्र आली की ते तिसरंच काहीतरी होतं, आणि त्याचा इलाजही वेगळा असतो.

मला लगेच माझं गुळगुळीत वेळापत्रक आठवलं. झोप येत नाही म्हणून रात्री वॉक. पैसे कमी म्हणून जास्त काम. काम जास्त म्हणून कॉफी. कॉफी जास्त म्हणून झोप नाही. प्रत्येक उपाय आपापल्या जागी करेक्ट!

बरं, प्रत्येक वेळी दोन त्रास मिळून वाट्टोळंच होतं, असंही नाही हं. हवेत ओझोनचं प्रदूषण असेल आणि त्याच वेळी पाण्याची ओढ असेल, तर बंद छिद्रांमुळे ओझोन पानात कमी शिरतो. एका संकटानं दुसऱ्याला दारातच अडवलं. आपल्याकडे नाही का, लाइट गेल्यामुळे नेमकी नावडती मीटिंग रद्द होते, तसं!

आता परत वावरात. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. मामा, मामी, माझा मामेभाऊ आणि मी. मामेभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, त्याला मी दादाच म्हणते. प्रश्न एकच होता. विहिरीत पाणी होतं, पण सगळ्या वावराला पुरेल इतकं नव्हतं. थ्री फेज लाइट येणार ती रात्री. स्प्रिंकलर लावायचे ते सोयाबीनला की पऱ्हाटीला? पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. दादाचं म्हणणं, कपाशीला भाव बरा मिळतो, तिला द्या. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पऱ्हाटी दम धरते. तिची मुळी खोल हाय. सोयाबीनचं फूल गळलं तर मंग पाणी देऊन काय फायदा? फुलाले द्या.”

त्या रात्री दोन वाजता दादाबरोबर पाइप बदलायला मीही गेले. मोबाइलचा टॉर्च, पायाखाली कडक ढेकळं, आणि विंचवाची भीती. पण स्प्रिंकलरचं ते चकचक फिरणं ऐकत धुऱ्यावर बसले आणि कित्येक दिवसांनी तिथेच डुलकी लागली.

मामांनी घेतलेला निर्णय नेमका कुणासारखा होता, ते मला नंतर वाचताना कळलं. खुद्द सोयाबीनसारखा! २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातून एक संशोधन प्रसिद्ध झालं. रंजिता सिन्हा आणि मिटलर यांच्या टीमचं. त्यांनी सोयाबीनला ऊन आणि पाण्याची ओढ एकदमच दिली आणि पानांबरोबर फुलांचीही छिद्रं तपासली. (हो, फुलालाही छिद्रं असतात. मलाही नव्हतं माहीत.) तर पानांची दारं बंद आणि फुलांची उघडी! होतं तेवढं पाणी झाड फुलांकडे वळवत होतं. फुलांना घाम येत होता, त्यामुळे ती आतून दोन-तीन अंशांनी गार राहत होती. परागकण, बीज, म्हणजे पुढची पिढी, वाचवायची धडपड. नंतर शेंगांच्या बाबतीतही असंच घडतं, हे ह्याच मंडळींना दिसलं.

उघडायचं की बंद करायचं, ह्या भांडणाचं उत्तर झाडानं असं काढलं. सगळीकडे थोडं थोडं करत बसलं नाही. काय वाचवायचं ते ठरवलं, तिथलं दार उघडं ठेवलं आणि बाकीचं शटर डाउन.

इथे कॉलम संपवता आला असता. ‘तुमचं फूल ओळखा’ असा छानसा मेसेज देऊन, खाली हसऱ्या मुलीचा फोटो टाकून. पण गोष्ट संपली नव्हती.

सप्टेंबरमध्ये पाऊस आला. मी पुण्यातून फोन केला, “मामा, अभिनंदन! पेढे कधी?” पलीकडून आवाज पडलेला. आदल्या दिवशी टवटवीत असलेली पऱ्हाटीची काही झाडं दुसऱ्या दिवशी मान टाकून उभी होती. कीड नाही, रोग नाही. पाऊस हवा होता, तो आला आणि झाड बसलं!

ह्याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात, इंग्रजीत पॅराविल्ट. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ह्याबद्दल शेतकऱ्यांना नेहमी सावध करत असते. बरेच दिवस कोरड आणि कडक ऊन, अंगावर बोंडांचा भार, आणि अचानक धो धो पाऊस. भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही. हवा नाही तर मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे पाण्यात उभं राहून झाड तहानेनं सुकतं. लक्षणं दिसल्याबरोबर काही तासांत कोबाल्ट क्लोराइडची फवारणी केली, १०० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम, तर बरीच झाडं सावरतात. कारण ताणात झाड इथिलीन नावाचा वायू तयार करतं, पानं पिकवणारा आणि गाळणारा. कोबाल्ट त्याला ब्रेक लावतो. पण खिडकी काही तासांचीच. दादानं खामगावला गाडी पिटाळली. निम्मी झाडं वाचली.

मला पॅराविल्ट फारच ओळखीचं वाटलं. सहा महिने धावायचं, मग गोव्याची सुट्टी टाकायची, आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी १०२ ताप! झालंय ना तुमचंही?

सोयाबीनचं दुखणं वेगळं निघालं. त्या सप्टेंबरात विदर्भ-मराठवाड्यात पिवळा मोझॅक पसरला. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो, आणि कोरड्या, गरम हवेत ही माशी वाढते. त्यात झाडाचं आतलं राजकारण. पाण्याच्या ओढीत झाड ॲब्सिसिक ॲसिड नावाचं हार्मोन तयार करतं, छिद्रं बंद करायला. आणि रोगाशी लढायला सॅलिसिलिक ॲसिड. पहिलं जोरात असलं की ते बऱ्याचदा दुसऱ्याला दाबून टाकतं. दुष्काळाशी लढणारं झाड रोगापुढे थोडं उघडं पडतं, ते असं.

नुकसानीची माहिती भरायला दादा मोबाइलवर एक फॉर्म उघडून बसला. मला व्हिडिओ कॉल लावला, कारण ‘तू शिकलेली हायस’. फॉर्ममध्ये रकाना, ‘नुकसानीचे कारण’. खाली यादी. एकच निवडा. पावसाचा खंड? उष्णता? पाणी साचणं? रोग?

मामा मागून म्हणाले, “एकच असतं तर पिकानं काढलं असतं ना बाप्पा!”

बघा, मैत्रिणीचं आणि मामाचं वाक्य एकच. मधे फक्त चारशे किलोमीटर आणि एक वावर.

ह्यातलं कुठलंच संकट कागदावर एकेकटं फार मोठं दिसत नव्हतं. २०२१ मध्ये मिटलर यांच्याच गटानं, सारा झांडालिनास यांच्या पुढाकारानं, अरॅबिडॉप्सिसच्या रोपांना सहा वेगवेगळे त्रास दिले. उष्णता, मीठ, प्रखर प्रकाश, आम्लता, जड धातू आणि तणनाशकासारखं रसायन. प्रत्येकाची मात्रा इतकी हलकी, की एकेकटा त्रास रोपाला फारसा जाणवत नव्हता. मग दोन एकत्र, तीन एकत्र, असं वाढवत नेलं. त्रासांची संख्या वाढली तशी रोपं खचत गेली. एकही त्रास ‘सीरियस’ नव्हता, तरी! हे वाचलं तेव्हा मला माझे सगळे नॉर्मल रिपोर्ट्स आठवले आणि पहिल्यांदा वाटलं, चला, म्हणजे मी नाटक करत नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात तर ह्यासाठी एक आख्खी संस्था आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला, २००९ पासून. नाव राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था. नाव वाचून मी क्षणभर खूश झाले होते, म्हटलं ॲडमिशन घ्यावी! पण तिथे ताण सांभाळतात तो पिकांचा, जनावरांचा. दुष्काळ, उष्णता, क्षार, पाणी साचणं. आपल्याला वेटिंग लिस्टलाही जागा नाही.

मग ह्यावर उत्तर काय? पुढच्या हंगामात दादानं मामांच्या मागे लागून दोन एकरांत ‘बीबीएफ’वर पेरणी केली. रुंद वरंबा सरी. म्हणजे रुंद गादीवर पीक आणि दोन गाद्यांच्या मधे सरी. पाऊस जास्त झाला की जादा पाणी सरीतून निघून जातं, मुळं गुदमरत नाहीत. आणि पावसानं दडी मारली की सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते. दोन उलट्या संकटांना एकच उत्तर. शिवाय सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, कारण सोयाबीन निघून गेल्यावरही तूर उभी असते. एक हुकलं तर दुसरं. मामा हे आजोबांच्या वेळेपासून करत आलेत, फक्त त्याला ‘रिस्क डायव्हर्सिफिकेशन’ म्हणत नाहीत.

पण २०२३ चं वर्ष अजून बाकी होतं. नोव्हेंबरच्या शेवटी जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला, कुठे कुठे गाराही पडल्या. मामांचा वेचणीला आलेला कापूस भिजला. सोयाबीन नेहमीच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त आलं होतं. फुलाला पाणी दिलं होतं म्हणून तेवढं तरी आलं, असं मामा म्हणाले.

आणि आता मुद्द्याचं. त्या मिसुरीच्या संशोधनातली एक गोष्ट मी पहिल्यांदा वाचताना गाळली होती. फुलं गार राहतात, कबूल. पण ती किंमत कोण मोजतं? पानं. दार बंद करून उन्हात तापत उभी राहतात ती. फूल वाचतं ते पानाच्या जिवावर.

मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन २०२२ पासून ठरलं होतं. ‘सोयाबीन निघालं की करू.’ मग ‘कापूस निघाला की’. मग ‘तूर झाली की’. ऑगस्टच्या त्या रात्री आम्ही पाणी कुणाला द्यायचं म्हणून चर्चा करत होतो, तेव्हा मामी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. मला वाटलं, गरमीनं दमली असेल. कुणी तिला काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. पान बोलत नाही. उलटं होतं, एवढंच. तेही जवळ जाऊन पाहिलं तर दिसतं.

मी हे फोनवर दादाला सांगितलं. छिद्रं, फुलं, पानं, सगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे आमच्या घरात आई पान हाय, असं म्हणतेस तू.”

२०२४ च्या जानेवारीत दादा चाकणला एका कंपनीत लागला. त्यानं ते आधी तीनदा टाळलं होतं. मला वाटलं होतं, गेला हा आता कायमचा. पण त्यानं मामांशी ठरवलं, पेरणीला आणि सोंगणीला सुट्टी टाकून यायचं, बाकीचे महिने पगार. त्याची पोस्टिंग शिफ्टची, राहायला तीन जण एका खोलीत. पान बदललं, एवढंच म्हणा. त्याच वर्षी दिवाळीनंतर अकोल्याला मामीचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा बाकी आहे. “तो तुरीनंतर,” असं ती म्हणाली, तेव्हा आम्ही सगळे एकदमच ओरडलो!

माझं काय झालं? मी तिसरा क्लायंट सोडला. तोच, ‘प्रोसेस’वाला. भाडं वाटून घ्यायला नवी फ्लटमेट शोधली. आईला दर महिन्याला डॉक्टरकडे मी स्वतः नेते. आधी मी फक्त फोनवर ‘गोळी घेतलीस ना?’ विचारायची. तणाव संपलाय असं बिलकूल नाही. पण आता सगळ्यांवर एकेक उपाय शोधत बसत नाही. आधी एकदम कायकाय चालू आहे त्याची यादी करते, त्यातलं कुठलं दार उघडं ठेवायचं ते ठरवते, आणि मग एक प्रश्न विचारते, जो मला पूर्वी सुचायचाच नाही. मी हे दार उघडं ठेवलं, तर उन्हात कोण उभं राहणार आहे?

परवा रात्री मैत्रिणीला मी हीच सगळी कथा ऐकवली. ती हसली. म्हणाली, “माझ्या फॉर्ममध्ये ‘सोयाबीन’ असा ऑप्शन हवा होता!” मग थोडं थांबून म्हणाली, “ऐक ना, माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे. कधीच काही बोलत नाही. सगळं काम वेळेत. मी गेल्यावर माझंही काम तिच्याकडेच जाणार आहे.”

“मग?”

“उद्या तिला चहाला नेते. जवळ जाऊन बघते, पानं उलटी तर नाहीत.”

तुमच्याही शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणीतरी असेल. किंवा घरी, भिंतीला टेकून बसलेलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेलं. एकच कारण विचारू नका. ते कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा विचारा, ‘सध्या एकदम कायकाय चालू आहे?’

आणि ऑगस्टात कधी विदर्भातून गाडीनं गेलात आणि दुपारी वावर पांढुरकं दिसलं, तर गाडी थांबवून एकदा उतरा. ते मरत नसतं. मामा म्हणतात तसं, वाचत असतं.